डेट्रॉइट पिस्टन्सचा पास: हरणाऱ्या टीमवर पैसे लावावेत का?

नोव्हाय, ट्रॉय, फार्मिंग्टन हिल्स या डेट्रॉइटच्या उपनगरांच्या पट्ट्यातली मराठी मंडळी उन्हाळा सरत आला की मला हटकून विचारतात, "पिस्टन्सचा पास घ्यावा का गं?" पिस्टन्स म्हणजे इथली एनबीएची, अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगची टीम, आणि पास म्हणजे घरच्या सामन्यांचं सीझनचं तिकीट. २०२३ मध्ये हे विचारणाऱ्याच्या आवाजात कीव असायची. २०२५ मध्ये घाई होती. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगून घसा बसलाय, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते.

मी नागपूरची. शाळा-कॉलेजची सगळी वर्षं शिवाजीनगर जिमखान्याच्या कोर्टवर पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल वर नेऊन डाव रचणारी, म्हणून पळण्यात गेली. नवरा गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर, म्हणून डेट्रॉइट. त्याला क्रिकेटच्या पलीकडे खेळ असतो हे तत्त्वतः मान्य आहे, इतकंच. २०२३ च्या उन्हाळ्यात मी अर्ध्या सीझनचा पास घेतला, दोन खुर्च्या, माझी आणि मुलाची. तेव्हा नवरा म्हणाला होता, "पैसे मोजून पराभव बघायला जायचं? घरी बसून फुकट बघ ना." बोलणं चुकीचं नव्हतं. टीम नुकतीच १७ जिंकून ६५ हरली होती. पण माझा हिशेब वेगळा होता. बास्केटबॉल टीव्हीवर अर्धाच दिसतो. कॅमेरा बॉलमागे धावतो, आणि खरा खेळ बॉल नसलेल्या चौघांत चाललेला असतो. तो बघायला खालच्या मजल्यावरची खुर्ची लागते, आणि चांगल्या टीमची तसली खुर्ची आपल्या खिशाला झेपत नाही. पडेल टीमची झेपते.

शिवाय टीममध्ये केड कनिंगहॅम होता. २०२१ च्या ड्राफ्टमधला (टीम पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो) पहिल्या क्रमांकाचा खेळाडू, उंच, घाई न करणारा. नडगीच्या हाडाच्या दुखण्याने त्याचं २०२२-२३ जवळजवळ पूर्ण वाया गेलं होतं आणि आता तो परत येत होता. मला तो बघायचा होता.

ज्यांना इथला इतिहास ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ही काही कायमची रडकी टीम नाही. १९८९ आणि १९९० ला आयझेया थॉमस, जो डुमार्स, बिल लॅम्बिअर यांच्या 'बॅड बॉईज'नी लागोपाठ विजेतेपदं मिळवली. २००४ ला लेकर्ससारख्या तारांकित टीमला ४-१ ने लोळवलं. पण २००८ नंतर उतरण लागली ती थांबेचना. २०२० मध्ये ट्रॉय वीव्हर जनरल मॅनेजर झाला आणि त्याने जुनं सगळं मोडून तरुण पोरांवर नवी टीम बांधायला घेतली. बांधकामाचे आकडे असे: २०२०-२१ मध्ये २० विजय (तो सीझनच ७२ सामन्यांचा होता), मग २३, मग १७, मग १४. चार वर्षांत पाया खणून खणून पाणी लागलं, भिंत काही उभी राहिना.

यात नशिबाचाही वाटा होता, तो मान्य करायला हवा. एनबीएमध्ये तळाच्या टीमना ड्राफ्टमध्ये वरचा नंबर लॉटरीने मिळतो. तेव्हाचा नियम असा: सगळ्यात खराब तीन टीमना पहिल्या नंबरची शक्यता सारखीच, १४-१४ टक्के. सगळ्यात तळाची टीम घसरून घसरून पाचव्या नंबरवर जाऊ शकायची, त्याखाली नाही. पिस्टन्स २०२३ ला तळाला होते. त्या वर्षी बक्षीस होता व्हिक्टर वेंबान्यामा. तो गेला सॅन अँटोनियोला आणि आमच्या वाट्याला आला पाचवा नंबर. २०२४ ला पुन्हा तळाला, पुन्हा पाचवा. त्याआधी २०२२ लाही पाचवाच. हरण्याचीही लॉटरी लागू नये म्हणजे काय बाप्पा!

त्या पाचव्या नंबरांतून आलेली पोरं मात्र वाईट नव्हती. २०२२ चा जेडन आयव्ही, वीजच. त्याचे आजोबा जेम्स हंटर याच शहरात लायन्सकडून अमेरिकन फुटबॉल खेळलेले. २०२३ चा ओसार थॉम्प्सन, ज्याच्यासारखा बचाव करणारा तरुण मी प्रत्यक्ष पाहिलेला नाही. आणि २०२२ लाच तेराव्या नंबरवरून ट्रेडने मिळवलेला जेलन ड्युरेन, जो अठराव्या वर्षी प्रौढ सेंटरच्या, म्हणजे बास्केटजवळ खेळणाऱ्या धिप्पाड खेळाडूच्या, अंगाखांद्याचा होता.

तर मी पास घेतला तो सीझन. २०२३-२४. नवा कोच माँटी विल्यम्स, सहा वर्षांचा ७.८५ कोटी डॉलरचा करार, कोचला तोवर कोणी इतके दिले नव्हते. पहिल्या तीनपैकी दोन सामने जिंकलो. मी घरी नवऱ्याला ऐकवूनही घेतलं. त्यानंतर टीम सलग २८ सामने हरली. ऑक्टोबरच्या शेवटापासून डिसेंबरच्या शेवटापर्यंत एकही विजय नाही. एका सीझनमधल्या सलग पराभवांचा हा एनबीएचा विक्रम.

या काळात खुर्चीवर बसून काय दिसत होतं ते सांगते, कारण माझ्या मते पासचा खरा मोबदला तोच होता. केड बॉल घेऊन वर यायचा. ड्युरेन येऊन त्याच्या बचाव करणाऱ्याला अडवायचा, म्हणजे पिक द्यायचा, आणि बास्केटकडे पळायचा. जगातला सगळ्यात जुना डाव. तो चालण्यासाठी उरलेले तिघे लांब, तीन पॉइंटच्या रेषेबाहेर असे उभे हवेत की त्यांच्यावरचे बचावपटू त्यांना सोडून आत येऊच शकणार नाहीत. इथे गंमत अशी की त्या तिघांपैकी दोघांना लांबून बास्केट करता येत नव्हतं हे समोरच्या टीमला चोख माहीत होतं. ओसारचा त्या वर्षीचा तीन पॉइंटचा नेम १८.६ टक्के. म्हणजे त्याचा बचावपटू त्याला कोपऱ्यात एकटा सोडून खुशाल बास्केटखाली येऊन उभा राहायचा. तसाच दुसराही. केड पिक वापरून वळायचा तर समोर भिंत. दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी सीताबर्डीच्या मेन रोडवरून स्कूटर काढावी तशी त्या पोराची गत. त्यातूनही तो वाट काढायचा. २६ डिसेंबरला ब्रुकलिनविरुद्ध त्याने ४१ पॉइंट केले. टीम ११८-११२ ने हरली आणि सलग सत्ताविसाव्या पराभवाने विक्रम झाला.

त्या महिन्यात प्रेक्षक "टीम विका" असं एका सुरात ओरडायचे, मालक टॉम गोरेस यांना उद्देशून. माझा मुलगाही ओरडायला लागला तेव्हा त्याला म्हटलं, ओरड, पण आधी सांग आपला डाव कुठे अडतोय. त्याने बोट दाखवून सांगितलं, "आई, तो कोपऱ्यातला बघ, त्याच्याजवळ कोणीच नाही, आणि त्याला कोणी पासपण देत नाही." बारा वर्षांच्या पोराला जे दिसतं ते लाखो डॉलर घेणाऱ्यांना का दिसू नये, हा प्रश्न मी तेव्हा नवऱ्यालाही विचारला. त्याने चॅनेल बदललं.

३० डिसेंबरला टोरंटोविरुद्ध १२९-१२७ ने सुटका झाली. लोक चषक जिंकल्यासारखे नाचले. सीझन संपला तेव्हा १४ विजय, ६८ पराभव.

आता पुढच्या वर्षाकडे या, कारण माझं सगळं मत या दोन वर्षांच्या फरकावर उभं आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात वीव्हर गेला, विल्यम्सला एकाच वर्षात घरी बसवलं, पाच वर्षांचा करार शिल्लक असताना. न्यू ऑर्लिन्सहून ट्रॅजन लँगडन आला आणि कारभार त्याच्या हाती दिला गेला. कोच म्हणून जे. बी. बिकरस्टाफ, ज्याला क्लीव्हलंडने ४८ विजयांनंतरही काढलं होतं. आणि लँगडनने केलं काय? तरुण पोरांना हात लावला नाही. केडला पाच वर्षांचा सगळ्यात मोठा करार दिला आणि त्याच्या भोवती तीन जाणती माणसं आणली. टोबायस हॅरिस, जो पूर्वी इथे खेळून गेला होता. टिम हार्डअवे ज्युनिअर, आमच्या मिशिगन विद्यापीठाचाच. आणि मलिक बीझली, एका वर्षासाठी ६० लाख डॉलर, म्हणजे या लीगच्या मानाने चिल्लर.

त्या वर्षी टीमने ४४ सामने जिंकले. १४ वरून ४४. आदल्या वर्षाच्या तिपटीहून जास्त विजय, ८२ सामन्यांच्या सीझनमध्ये असं आधी कोणत्याच टीमने केलं नव्हतं.

चमत्कार वगैरे काही नाही. त्याच खुर्चीवरून तोच डाव पुन्हा बघितला. केड बॉल घेऊन वर येतो, ड्युरेन पिक देतो. आता एका कोपऱ्यात बीझली उभा आहे, ज्याने त्या सीझनमध्ये ३१९ थ्री (तीन पॉइंटचे बास्केट) मारले, लीगमध्ये दुसरा, पहिल्यापेक्षा फक्त एक कमी. दुसऱ्या बाजूला हार्डअवे. यांना सोडून आत यायची कोणाची टाप आहे? मग आतला रस्ता मोकळा. केड एक पाऊल टाकतो, आपल्या मागच्या बचावपटूला पाठीवर अडकवून ठेवतो, समोरच्या उंच सेंटरला क्षणभर गोंधळात पाडतो, आणि बॉल वर उडवतो. ड्युरेन तो हवेतच पकडून आत ठोकतो. हाच पास केड आदल्या वर्षीही देऊ शकत होता. द्यायला जागा नव्हती.

म्हणून जे लोक म्हणतात की तरुण पोरं परिपक्व झाली आणि टीम सुधारली, त्यांचं अर्धंच खरं. पोरं दोन्ही वर्षं तीच होती. चार वर्षं नुसता कोवळा माल गोळा केला आणि त्यांच्या मध्ये उभं राहायला मोठं माणूस कोणी ठेवलं नाही, ही व्यवस्थापनाची चूक होती, पोरांची नाही. ज्या घरात सगळेच शिकाऊ, तिथे शिकवायचं कोणी? हॅरिस टाइमआउटमध्ये एकेकाला बाजूला घेऊन काय सांगायचा ते ऐकू यायचं नाही, पण पुढच्या वेळी बॉल हाती आला की त्या पोराचे पाय योग्य जागी पडलेले दिसायचे. असल्या गोष्टींसाठी मी पैसे दिले आणि ते वसूल झाले.

वाईट घडलं ते जेडन आयव्हीचं. १ जानेवारी २०२५, ऑर्लँडोविरुद्ध, घरच्या कोर्टवर पायाचं हाड मोडलं. त्या वर्षी तो लांबूनही छान मारायला लागला होता. तिथे सीझन संपला पोराचा. मग फेब्रुवारीत डेनिस श्रोडर आणून भोक बुजवलं.

२०२५ च्या प्लेऑफबद्दल, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्यांबद्दल, पासधारकांनी एक गोष्ट जरूर वाचावी. न्यूयॉर्क निक्सशी पहिली फेरी झाली. २००८ पासून प्लेऑफमध्ये सलग १५ सामने हरण्याचा जो काळा विक्रम होता तो निक्सच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दुसऱ्या सामन्यात मोडला. पाचवा सामनाही तिथेच जिंकला. आणि घरी? तिसरा ११८-११६ ने गेला. चौथा ९४-९३ ने, ज्यात शेवटच्या क्षणी हार्डअवेवर झालेला फाऊल दिलाच नाही आणि सामना संपल्यावर पंचप्रमुखाने द्यायला हवा होता असं कबूल केलं. (त्या कबुलीचं काय लोणचं घालायचं?) सहाव्यात निक्सच्या ब्रन्सनने ४.३ सेकंद उरले असताना थ्री मारला, ११६-११३, खेळ खलास. घरचे तीन सामने मिळून सहा पॉइंटांनी हरलो. म्हणजे पासधारकाला २००८ नंतरचा घरच्या प्लेऑफमधला पहिला विजय बघायला मिळाला नाही तो नाहीच. तरीही त्या तीन संध्याकाळींसारखा आवाज मी आयुष्यात ऐकलेला नाही. शेजारच्या खुर्चीवरचे एक आजोबा, जे १९८९ च्या गोष्टी सांगून माझं डोकं खायचे, ते सहाव्या सामन्यानंतर काही न बोलता टोपी झटकून निघून गेले.

आता व्यवहाराचं.

जागा वुडवर्ड अव्हेन्यूवर, लिटल सीझर्स अरीना. २०१७ साली उघडलं, आइस हॉकीच्या रेड विंग्जबरोबर वाटून घेतलंय. आधी खुर्च्या लाल होत्या. रिकाम्या खुर्च्या टीव्हीवर इतक्या भडक दिसायला लागल्या की सगळ्या काळ्या करून टाकल्या. यावरून तेव्हाची गर्दी समजून घ्या. आता तो प्रश्न उरलेला नाही.

गाडी अगदी अरीनाला चिकटून लावायचा हट्ट करू नका. आसपासच्या एका खासगी लॉटवाल्याने सामन्याच्या रात्री आमच्याकडून बोर्डावर लिहिलेल्यापेक्षा जास्त घेतले आणि वर पावती द्यायला खळखळ केली. त्यापेक्षा मिडटाऊनच्या बाजूला वर कुठे तरी गाडी ठेवा आणि वुडवर्डवरून चालणारी क्यूलाइन ट्राम पकडा. ती फुकट आहे. थंडीत थांब्यावर उभं राहावं लागतं, तर टोपी-हातमोजे न्या. मिशिगनचा जानेवारी आहे, नागपूरचा नव्हे.

खाण्याचं फार मनावर घेऊ नका. शाकाहारी माणसाचं पिझ्झा, प्रेट्झेल, पॉपकॉर्न यांत भागतं. आम्ही घरून निघतानाच पोळी-भाजी खाऊन निघतो. मुलाला आत गेल्यावर काहीतरी हवंच असतं, तो खर्च धरून चाला.

खुर्ची कुठली घ्यावी? बहुतेक लोक मधल्या रेषेजवळची मागतात, आणि ती सगळ्यात महाग. माझं ऐका, बास्केटच्या मागे, कोपऱ्याकडे, पहिल्या मजल्याच्या वरच्या रांगांत बघा. तिथून पिक कसा लागतो, कोण कधी आत सरकतो, कोपऱ्यातला माणूस हात वर करून बॉल मागतोय की नाही, हे सगळं समोरून दिसतं. मूल बास्केटबॉल शिकत असेल तर ही जागा क्लासच्या फीइतकी कामाची. अर्धा सामना मात्र पलीकडच्या टोकाला चालतो, तेव्हा मोठा स्क्रीन बघावा लागतो. अरीनातले निवेदक जॉन मेसन यांचा तो लांबवलेला "डीऽऽट्रॉइट बास्केटबॉल" कुठूनही ऐकू येतोच.

किमतीबद्दल खरं सांगायचं तर २०२३-२४ मध्ये पास घेणं हा शुद्ध वेडेपणा होता. रिसेलवर वरच्या मजल्याचं तिकीट पार्किंगपेक्षा स्वस्त मिळायचं. ज्यांनी पास घेतला नाही ते त्या वर्षी शहाणे ठरले. ज्यांनी तरीही घेतला त्यांना पुढच्या वर्षी त्याच खुर्च्या राखता आल्या आणि प्लेऑफची तिकिटं बाकीच्यांच्या आधी मिळाली. म्हणजे बांधकामाच्या वर्षांत तुम्ही जे भरता ती आगाऊ रक्कम, आणि घर उभं राहील याची हमी कोणी देत नाही. मला ही व्यवस्था खटकते. चार वर्षं टीम तळाला ठेवण्याचा निर्णय कार्यालयात होतो, थंडीत बसून तो भोगतात प्रेक्षक. कोणी धीर धरा म्हटलं तर त्याने आधी त्या डिसेंबरात तिथे बसून दाखवावं.

२०२५-२६ साठी काय बदललं? श्रोडर सॅक्रमेंटोला गेला, हार्डअवे डेन्व्हरला. नेमबाजीसाठी मायामीहून डंकन रॉबिन्सन आणला. केड २०२४-२५ च्या सीझनमध्ये पहिल्यांदा ऑल-स्टार झाला (लीगच्या निवडक खेळाडूंत आला), सरासरी २६ पॉइंट आणि ९ असिस्ट (दुसऱ्याच्या बास्केटसाठी दिलेले पास), आणि तेव्हा चोविशीचाही नव्हता. माझा तेव्हाचा अंदाज, टीम आणखी वर जाईल. पास मी पुन्हा घेतला. नवऱ्याने त्या वेळी तिसऱ्या खुर्चीचा भाव विचारला, एवढंच नोंदवून ठेवते.

पहिल्यांदा घेणाऱ्यांनी पूर्ण सीझनच्या भानगडीत पडू नये, अर्धा पुष्कळ झाला. आणि सामने निवडायची मुभा असेल तर लेकर्स-सेल्टिक्सच्या तारखांमागे धावू नका, ती तिकिटं दुप्पट भावाने विकून टाका. मधल्या वारी, कमजोर टीमविरुद्धच्या तारखा ठेवा. अशा रात्री आघाडी वाढली की चौथ्या क्वार्टरमध्ये बेंचवरची पोरं उतरतात. २०२४ चा पाचव्या नंबरचा रॉन होलंड अशाच वेळी जास्त बघायला मिळतो. अजून नेम बसायचाय त्याचा, पण बॉल सुटला की कोर्टभर पळत सुटतो. निदान तीन-चार सामने त्याच्या पायांकडे बघत बसा.